कार्डाचा गेलेला कोपरा

मामंजींनी जन्मभर पूल बांधले, धातूंवर प्रयोग केले, देशोदेशी नाव कमावलं. पण वहिनीच्या डोक्याला ताप झालं ते त्यांचं एक हिरवं कार्ड. अभियंत्यांच्या मंडळाचं, अगदी स्थापनेच्या वर्षीचं सभासद-कार्ड. मामंजी गेल्यावर ते खणात सापडलं, तेव्हा त्याचा एक कोपरा गायब होता. नेमकं त्याच सुमारास वहिनीच्या लेकाला दात येत होते. झालं! "यानंच कुरतडला. आईचं लक्ष असेल तर ना!" असा निकाल नणंदेनं जागच्या जागी दिला आणि पुढं येईल त्या पाहुण्याला ऐकवला. लेकाला टक्कल पडलं, तरी बाईंचं पालुपद काही सुटलं नाही.

आज ते कार्ड मंडळाच्या संग्रहालयात काचेखाली जायचं होतं. शेजारी मामंजींचा प्रयोगाचा तराजू. दोघी नणंद-भावजया मांडणी बघायला आल्या होत्या. संग्रहालयाच्या मॅडमनी पाटीचा मजकूर वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, 'कोपरा घरातील लहान मुलाने कुरतडला.'

वहिनीनं पाटी जवळ ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं. आजवर घरातल्या घरात होतं, आता छापून भिंतीवर! येणारा-जाणारा वाचणार.

"तेवढं नाही लिहिलं तर नाही का चालणार?" तिनं हळूच विचारलं.

"खरं ते लिहायला कसली लाज?" नणंद म्हणाली. बोलता बोलता तिचं फडकं तराजूवर चाललंच होतं. धूळ दिसली की तिला राहवत नसे. "हे बघा, याच्या पायाखाली कुणी कचरा कोंबलाय!" म्हणत तिनं तराजूच्या पायाला चिकटून बसलेली एक चपटी घडी ओढून काढली आणि दिली टाकून.

तराजूच्या बैठकीत सपाटी दाखवणारी पाणसळ होती. तिच्यातला बुडबुडा घसरत थेट कडेला गेला.

वहिनीनं घडी उचलून उलगडली. हिरवी! वर अर्धा शिक्का. तिनं ती कार्डाला लावून पाहिली. शिक्का पुरा झाला.

"या पायाचा स्क्रू झिजलाय," मॅडम वाकून बघत म्हणाल्या.

"अगं बाई!" नणंद मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे बाबांनीच फाडलं?"

"मामंजींना तराजू वाकडा कुठं खपायचा!" वहिनीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

"चुकले गं मी, वहिनी. उगाच तुला आणि त्या पोराला बोल लावला." नणंद मॅडमकडे वळली. "खोडा आधी ते वाक्य."

"मग कोपरा कार्डाला चिकटवू?"

"छे! तराजू पुन्हा कलता ठेवायचाय का?" नणंद कंबरेवर हात ठेवत उठली, घडी घेऊन तराजूशी वाकली. "मी सरकवते. वहिनी, तू बुडबुड्यावर नजर ठेव. मध्ये आला की सांग."

बुडबुडा लगेच मधोमध येऊन थांबला. वहिनीनं चष्मा सारखा केला, बुडबुडा पुन्हा एकदा नीट पाहिला.

"वाकूनच राहा, वन्सं," ती म्हणाली. "अजून जरासं."