घराचा मध्य

"आधी एवढंच सांगा, घराचा मध्य कुठाय?" हातातलं ड्रिल पिस्तुलासारखं छताकडे रोखून फायबरवाल्याने विचारलं.

हा प्रश्न त्या घरात आजवर कुणी काढला नव्हता. मुलगा सुनेकडे बघायला लागला, सून भिंतीकडे. नात मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "फ्रिज."

घरातले आजोबा, म्हणजे जोडमास्तर, खुर्चीत बसून फायबरवाल्याची हत्यारं न्याहाळत होते. हे नाव त्यांना टेलिफोन खात्यातल्या सोबत्यांनी दिलेलं. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून तुटलेल्या तांब्याच्या तारा जोडण्यात त्यांचा उभा जन्म गेला. तारांचं जुळवता जुळवता माणसांचं जुळवायचं राहिलं, असं बायको म्हणायची. ती गेल्यावर असं म्हणणारंही कुणी उरलं नाही.

घरातलं नेट आजवर त्यांच्याच जुन्या फोनच्या तारेवरून येत होतं. पण मुलाचं ऑफिस घरी आलं आणि तारेचा जीव मेटाकुटीला आला. मीटिंगमध्ये मुलाचं चित्र मध्येच गोठायचं, तेही तोंड उघडं असताना. पुन्हा तसा दिसलास तर घरीच बस, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. तो घरीच बसलेला होता, पण अर्थ त्याला कळला.

"त्याचं काय आहे," फायबरवाला सांगू लागला, "तुमची तांब्याची तार म्हणजे पायवाट. केबल टीव्हीची तार म्हणजे गल्लीचा सामाईक नळ, संध्याकाळी सगळ्यांनी सोडला की धार बारीक. आणि फायबर म्हणजे काच. आतून उजेड धावतो. पण धावतो तो भिंतीवर बसवायच्या डब्यापर्यंतच. तिथून पुढे वायफाय, आणि वायफायला भिंती खातात. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, बाथरूमच्या फरशा, सगळे खातात. म्हणून डबा मध्यावर हवा."

"त्यापेक्षा खोलीखोलीत तार ओढ ना," जोडमास्तर म्हणाले. "भिंतीवरच्या प्लास्टिक पट्टीतून नेली की झालं. हवेपेक्षा तार बरी."

"बाबा, आत्ताच रंग काढलाय," सून म्हणाली. "एक डबा, एक भोक. बस."

"मग काका, तुम्ही लायनीतले. तुम्हीच दाखवा जागा," फायबरवाला म्हणाला.

जोडमास्तर उठले आणि घरभर हिंडून आले. जागा त्यांना बसल्या खुर्चीतूनच दिसली होती. चपलांच्या रॅकवर बोट ठेवलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. पण फॉल्ट जिथे असेल तिथेच बोट ठेवायचं, हे एकच काम त्यांनी नोकरीत नेमाने केलं होतं. बढती न मिळण्याचं कारणही तेच.

"माझी खोली," ते म्हणाले. "पलंगाच्या उशाला."

"वा काका!" फायबरवाल्याने ड्रिल सुरू केलं.

चार दिवस सगळं सुरळीत चाललं. मग मुलाचं चित्र पुन्हा गोठलं.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, हवेपेक्षा तार बरी?"

"म्हणालो होतो."

"मग मी टेबल तुमच्याच खोलीत लावतो. डब्यातून तार थेट कॉम्प्युटरला. तुम्हाला काही त्रास नाही."

त्रास नव्हताच. टेबल आलं, खुर्ची आली, बायकोच्या फोटोवर हेडफोन टांगला गेला. जोडमास्तरांनी खोकायची सवय मीटिंगच्या वेळा टाळून लावून घेतली.

एका दुपारी ते डोळ्यांवर उजेड नको म्हणून पांढरी चादर तोंडावर ओढून पडले होते. झोप नव्हती. मुलगा पलंगाकडे पाठ करून साहेबांना आकडे समजावत होता. बोलता बोलता तिकडून मोठ्या साहेबांचा आवाज आला.

"अरे... तुझ्या मागे कोण आहे?"

"वडील आहेत सर."

 मग साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आणि तू आजसुद्धा कामावर? घरात असं असताना? शिका रे याच्याकडून काहीतरी! सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहा."

मुलाने मागे वळून चादर पाहिली. तोंड उघडलं. आतापर्यंत ते नेटमुळे उघडं राहत होतं. आज नेट उत्तम होतं. मग त्याने तोंड मिटलं, आणि मान खाली घालून तोही उभा राहिला.

चादरीखाली जोडमास्तरांच्या घशात खोकला आला. त्यांनी तो गिळला. पोराची नोकरी होती.

मीटिंग संपल्यावर ते म्हणाले, "निदान किती जण उभे होते ते तरी सांग."

"बाबा, प्लीज."

"कुणी रडलं?"

"हिशेब खात्यातल्या एक बाई."

"मी त्यांना ओळखतही नाही," जोडमास्तर म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलं.

मुलाला त्या महिन्यात बढती मिळाली. त्यानंतर जोडमास्तरांनी त्या खोलीत दिसणं शक्यच नव्हतं. पलंग मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशिनशेजारी गेला. वायफाय तिथवर पोचत नसे. "तुम्हाला कुठे लागतंय?" सून म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मग एका सकाळी डब्यावर लाल दिवा लागला.

"बाबा! लवकर या! साहेब येतायत मीटिंगला!"

जोडमास्तर खोलीत आले आणि गुडघे धरत टेबलाखाली शिरले. काचेची तार टेबलाच्या पायाखाली चेंगरून दुमडली होती. काच म्हटल्यावर तिला असं वागवून चालत नाही. त्यांनी ती हळूच सोडवली, बाक सरळ केला. दिवा हिरवा झाला. सोडली, लाल. धरली, हिरवा.

"धरून ठेवावी लागेल," ते म्हणाले. "माणूस येईपर्यंत."

"मग धरा ना. पण वर येऊ नका. आले, आले!"

मुलगा घाईने खुर्चीत बसला. त्याचे पाय जोडमास्तरांच्या खांद्याला टेकले. त्याने ते जरा आवरून घेतले.

"काय रे," वरून साहेबांचा आवाज आला, स्वच्छ, कुठेही न अडखळता. "वडिलांच्या मागे घर सावरलं ना?"

"हो सर. सावरलं."

टेबलाखाली जोडमास्तरांनी चिमटीत धरलेल्या तारेचा बाक आणखी थोडा सरळ केला.