दोन चमचे, दिवसातून तीनदा

मित्रांनो, तिसरीच्या वर्गात शिरून मान वर केलीत, तर पंख्याच्या शेजारी छताला उलटा टांगलेला एक धुळकट डबा दिसेल. तो मी. मी एक जुना प्रोजेक्टर आहे. भिंतीवर सिनेमा दाखवणे हे माझे काम होते. आता ते काम मला कोणी सांगत नाही, म्हणून आज तुम्हाला माझीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात दिवा बसवला, पुढे भिंग बसवले आणि दिवा तापला की वारा घालायला एक इवलासा पंखा बसवला. भोंगाही दिला, पण त्यातून निघते ते दुसऱ्याचे बोलणे. स्वतःचे दोन शब्द बोलता येतील अशी सोय कोणी केली नाही. तेव्हा मला त्याचे काही वाटले नव्हते.

शाळेत आलो त्या दिवशी माझा काय थाट होता! एका मुलाचे वडील शिंपी होते. त्यांनी खिडक्यांना काळे पडदे शिवून दिले. शिपाईकाकांनी समोरची भिंत पांढरीशुभ्र रंगवली. दिवा लागला आणि नेमका एक पतंग येऊन माझ्या भिंगावर बसला. भिंतीवर बैलाएवढा पतंग पाय हलवू लागला. सगळा वर्ग किंचाळला, दोघे जण बाकाखाली शिरले आणि मोठ्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मोठ्या बाई या वर्गाच्या पहिल्या शिक्षिका. त्यांच्याकडे एक अकरा मिनिटांचा सिनेमा होता. मातीत पडलेले बी कसे फुगते, कसे फुटते, एवढेच त्यात होते. पण तो अकरा मिनिटांचा सिनेमा त्या आठवडाभर पुरवायच्या. बी फुगले की मला थांबवायच्या, पडदे सरकवायच्या आणि विचारायच्या, "आता आधी काय बाहेर येईल? वर जाणारं की खाली जाणारं?" मग नुसता गलका. वही काढून प्रत्येकाने आपापला अंदाज लिहायचा, चित्र काढायचे. दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. ज्याचा अंदाज चुकला तो सगळ्यात पुढे सरकून बसायचा. त्या दिवसांत मी कमी चालायचो आणि वर्ग जास्त चालायचा. मला त्याचा अभिमान होता.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या बाई आल्या. नव्या बाई वाईट होत्या असे समजू नका. आमच्या शाळेत दुसरी आणि तिसरी अशी दोन वर्षे एकच शिक्षिका एकाच खोलीत तीच मुले सांभाळते. नव्या बाईंना सव्वीस मुले मिळाली होती. त्यांची नावे त्यांना चार दिवसांत पाठ झाली. पण दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या. त्यांच्या जागी कोणी आले नाही. अठ्ठावीस मुले आपापली दप्तरे घेऊन आमच्याच वर्गात आली. एका बाकावर तीन तीन जण बसले. शिवाय बाईंच्या टेबलावर रोज कसली ना कसली माहिती भरायचे कागद येऊन पडायचे. ते दुपारपर्यंत हवे असायचे. कालच हवे होते, असेही कधीकधी कळायचे.

पहिल्यांदा त्यांनी मला शनिवारी लावले. मुले खूश. मग बुधवारीही लावले. नंतर मधल्या सुट्टीनंतर रोज. पडदे ओढायचे, बटण दाबायचे आणि मागच्या टेबलावर छोटा दिवा लावून कागद भरत बसायचे. चोपन्न मुले चिडीचूप. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणायचे, "व्वा, काय शिस्त आहे!" मला मात्र माझ्या उजेडात पुढच्या तीन रांगांचे चेहरे दिसायचे. काही डोळे चमकत असायचे, काही पेंगत असायचे. मध्ये थांबवून कोणी काही विचारत नव्हते आणि मला स्वतःहून थांबता येत नव्हते.

सगळ्यात जास्त वेळा लागायची ती अस्वलडॉक्टरांची गोष्ट. जंगलातल्या आजारी प्राण्यांना एक ढेरपोट्या अस्वल औषध देते आणि दर वेळी एकच वाक्य म्हणते, "दोन चमचे, दिवसातून तीनदा, आणि वरून एक उडी!" मग मुलेही बाकावरून उडी मारायची.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन घट्ट वेण्या, हनुवटीवर तीळ. तिला सगळे मैना म्हणायचे, कारण एकदा ऐकलेले ती जसेच्या तसे म्हणायची. अस्वलाचे, कोल्ह्याचे, कासवाचे, सगळ्यांचे बोलणे तिला तोंडपाठ. ओठ माझ्या भोंग्याच्या अर्धा क्षण आधीच हलायचे. पुस्तकातला धडा वाचायची वेळ आली, की आधी वाचणाऱ्या दोघांचे ऐकून ती घडाघडा म्हणून टाकायची. बोटसुद्धा ओळीवरून फिरवायची. चोपन्नांत ती कोणाच्या लक्षात येणार? उलट बाई म्हणायच्या, "बघा, मैना कशी न अडखळता वाचते!"

मला कळत होते. ती बोट फिरवायची, पण डोळे चित्रावर असायचे. दीड वर्ष मी हे वरून पाहिले. पाहिले, एवढेच.

एके दिवशी अस्वलाची गोष्ट चालू असताना दार उघडले आणि उजेडाचा पट्टा आत आला. मैनाची आई होती. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. खांद्याला मापाची फीत तशीच लटकत होती.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"दहा मिनिटं थांबता का? सिनेमा संपतोच आहे."

"सिनेमा काय, रोजच असतो," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "माझं बाळ कालपासून दवाखान्यात आहे."

बाई उठून दारापाशी गेल्या. मला बंद करायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. दार उघडे राहिल्यामुळे भिंतीवरचे अस्वल फिकट पडले होते, तरी ते आपले नाचतच होते.

"बाळाला खोकला होता," आई सांगू लागली. "औषधाची बाटली आणली. मला काही वाचता येत नाही हो. म्हणून तर हिला शाळेत घातली. हिला म्हटलं, वाच गं, किती द्यायचं. हिनं बाटलीवर बोट ठेवलं आणि एका दमात वाचलं. दोन चमचे, दिवसातून तीनदा. मी किती कौतुकानं पाजलं. तिसऱ्यांदा पाजलं आणि बाळ झोपलं ते उठेचना."

"अगं बाई! मग?"

"मग उचललं आणि धावले. आता उघडलेत डोळे, वाचलं म्हणायचं. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि म्हणाले, अर्धा चमचा लिहिलंय, दोनदा. कोणी वाचलं हे? मी म्हटलं, माझी मुलगी, तिसरीत आहे. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, बाई."

मित्रांनो, ते वाक्य कोणाचे होते ते मला माहीत होते. दीडशे वेळा तरी माझ्या भोंग्यातून ते बाहेर पडले असेल.

बाईंनी मैनाला जवळ बोलावले. पुस्तक उघडून तिच्यापुढे धरले. "वाच बरं बाळ. घाबरू नकोस."

पानावर नदी, होडी आणि नावाडी होता. मैनाने बोट ठेवले आणि नदीची, होडीची, नावाड्याची सुरेख गोष्ट सांगितली. धड्यात त्यातले एक वाक्यही नव्हते. बाईंनी हलकेच चित्रावर तळहात ठेवला. "आता वाच."

खाली फक्त अक्षरे उरली होती. मैनाने अक्षरांकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. नेहमी पुढचे वाक्य माझ्याकडूनच यायचे ना! त्या वेळी मला एक शब्द उच्चारता आला असता, तर मी बाकीचे सगळे आयुष्य मुका राहायला तयार होतो.

चार दिवसांनी पालकांची सभा भरली, ती याच वर्गात. मोठी माणसे छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ट्रक चालवणारे एक वडील म्हणाले, "सिनेमे दाखवायला शाळा कशाला हवी? ते आमच्या घरी फोनवर आहेतच की!" रुग्णालयात परिचारिका असलेली एक आई म्हणाली, "असं सरसकट नका बोलू. माझा मुलगा वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता. व्हेलमाशाचा सिनेमा बघून आला आणि आठ दिवस दुसरं काही बोलला नाही." एक आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी हे काही नव्हतं, आम्ही काय अडाणी राहिलो?" त्यावर मागून कोणीतरी हळूच "हो" म्हणाले आणि हशा पिकला. मैनाची आई कोपऱ्यात उभी होती. ती हसली नाही.

शेवटी नव्या बाई उठल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण चोपन्न मुलं आहेत. अजून एक शिक्षक मिळाला, तर एकेकाला जवळ घेऊन…"

"ते आपण नंतर बघू," मुख्याध्यापक म्हणाले. "आधी मूळ दुखणं काढू. उद्यापासून मशीन बंद."

टाळ्या पडल्या. माझ्याकडे बोट दाखवले म्हणजे सगळ्यांचे काम भागत होते. त्या बी फुटण्याच्या आठवड्याबद्दल त्यांना सांगणारे तिथे कोणी नव्हते. मला ठाऊक होते, आणि मीच आरोपी होतो. शिपाईकाकांनी स्टुलावर चढून माझी वायर काढली. त्यांनी वायरीची नीट गुंडाळी केली आणि मला जाता जाता एकदा फडक्याने पुसले.

तुम्हाला वाटेल, मग सगळे सुरळीत झाले. पडदे निघाले, वर्गात लख्ख उजेड आला. पण मुले चोपन्नच होती आणि टेबलावरचे कागदही तेवढेच होते. आता बाई फळा भरून लिहायच्या आणि म्हणायच्या, "पाहून लिहा." चोपन्न माना खाली. पुन्हा तीच शांतता. मुख्याध्यापक पुन्हा डोकावून "व्वा" म्हणून गेले. मैनाचे अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर निघाले. ती अक्षरे लिहीत नव्हती हो, काढत होती, होडी काढावी तशी. तिला वहीत दोन वेळा 'छान' मिळाले.

एकदा बाईंनी फळ्यावर कविता लिहिली होती आणि कोपऱ्यात पुढच्या तासासाठी चौकट आखून 'पुसू नये' असे लिहून ठेवले होते. संध्याकाळी वह्या तपासताना त्या एकदम थबकल्या. मैनाने कवितेच्या शेवटच्या ओळीनंतर, चौकटीसकट, 'पुसू नये' उतरवले होते. बाईंनी बाकीच्या वह्या भराभरा उलटल्या. सात वह्यांत 'पुसू नये' होते. सात मुले! बाई रिकाम्या वर्गात दोन्ही हातांनी डोके धरून बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबू लागल्या. सातही मुलांना थांबायला सांगितले. पण त्यातली सहा मुले गाडीने घरी जायची आणि गाडीवाला घंटा होताच भोंगा वाजवायचा. बाई त्याच्याशी बोलल्या, मुख्याध्यापकांशी बोलल्या, पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांच्याच हातांनी त्या चिठ्ठ्या घरी गेल्या. त्यातल्या किती पोहोचल्या, देव जाणे. उरली एकटी मैना, कारण तिला न्यायला येणाऱ्या आईची कारखान्यातली पाळी उशिरा सुटायची. रोज अर्धा तास, एक एक अक्षर. कधी मैना रडायची, कधी बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

वर्ष संपत आले तेव्हा शाळेतल्या सामानाची मोजदाद झाली. माझ्यापुढे काय लिहायचे, असे शिपाईकाकांनी विचारले. "नादुरुस्त लिहा, विषय संपला," मुख्याध्यापक म्हणाले. काकांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत ते लिहिले आणि खालून दिसेल असे माझ्या अंगावर चिकटवले. मी बिघडलो नव्हतो. वायर जोडली असती तर त्याच क्षणी लागलो असतो. पण कागदावरचे खोडायला मला हात कुठे होते?

त्या दुपारी मैना दप्तर भरता भरता थांबली. मान वर करून बघत राहिली. ओठ हलू लागले, पण या वेळी फार सावकाश.

"ना… दु… रु… स्त." मग पुन्हा, एका दमात, "नादुरुस्त!" तिने वळून विचारले, "बाई, म्हणजे काय?"

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. "म्हणजे बिघडलेला," त्या कसेबसे म्हणाल्या.

"पण हा तर नीट चालायचा," मैना म्हणाली.

बाईंनी तिला पोटाशी धरले. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले.

मैना चौथीत गेली. बाकीची सहाही चौथीत गेली, 'पुसू नये' लिहिणारी, तशीच. बाईंची दुसऱ्या शाळेत बदली झाली. या वर्षी वर्गात साठ मुले आहेत आणि गेल्याच आठवड्यात समोरच्या भिंतीवर एक मोठा, चपटा, चकचकीत टीव्ही लावला आहे. पडदे ओढले नाहीत तरी तो चालतो. मुले त्याच्याकडे टक लावून बसतात आणि मी त्यांच्याकडे. मला त्यांना काही सांगता येत नाही. कधी तरी स्टूल येईल, मला उतरवतील आणि भंगारात देतील.

मित्रांनो, सिनेमा जरूर बघा. फक्त त्या अंधारात शेजारी कोण बसले आहे, तेही बघत जा. तुमच्या वर्गात सगळे पाठ म्हणणारे, पण पुस्तक पुढे आले की चित्राकडे बघणारे कोणी असेल. त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा, एक पान उघडा आणि त्याला वाचू द्या. त्याला वेळ लागेल. तो अडेल, तुमच्याकडे बघेल. तेव्हा पुढचा शब्द पटकन सांगून टाकू नका. थोडे थांबा.