दुरुस्ती छापायची नाही

प्लम फोर्क गावात दीड हजार माणसं, सहा चर्च आणि दोन साप्ताहिकं होती. खरं म्हणजे गावाला एक पत्र पुरून उरलं असतं. पण दोन्हींचे संपादक दर आठवड्याला एकमेकांची सालटी काढत, आणि ती वाचायची तर दोन्ही पत्रं घेण्यावाचून गत्यंतर नसे. गुरुवारी ऑरिन टटल यांच्या ‘क्लॅरियन’नं समोरच्या ‘बॅनर’ला गाढव म्हटलं की शनिवारी बॅनरचा अ‍ॅन्सेल ब्रॉक लिहायचा की टटल यांना नातेवाईक लांबूनही ओळखू येतात. असा सगळा मामला.

टटल यांची मुलगी लुएला क्लॅरियनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. सहा वर्षांत तिच्या हातून एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. म्हातारा टटल तर तिनं जुळवलेला मजकूर वाचायचासुद्धा नाही. “लूनं जुळवलंय ना, मग सोन्याहून पिवळं,” म्हणायचा आणि थेट पानाचा फर्मा, म्हणजे चौकट, आवळायचा. क्लॅरियनच्या नावाखाली दर आठवड्याला एक ओळ छापलेली असे: ‘एकोणीस वर्षांत एकही दुरुस्ती नाही.’ त्या ओळीवर म्हाताऱ्याचा जीव होता. नेब्रास्काचा गव्हर्नर करतो म्हटलं असतं तरी ती ओळ त्यानं दिली नसती.

आणि ब्रॉकचा डोळा नेमका त्याच ओळीवर. गावात येऊन त्याला दहा महिने झाले होते, आणि आला त्याच आठवड्यात त्यानं छापून टाकलं होतं की क्लॅरियनची पहिली चूक ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी बॅनर खास पुरवणी काढील.

आता लुएलाची एक खोड सांगायला हवी. जे तोंडानं बोलता येत नाही ते ती खिळ्यांत जुळवायची. पाद्रीबुवांचं प्रवचन किती लांबलं, मेयरसाहेबांच्या नव्या मिशा कशा दिसतात, असलं सगळं. जुळवायचं, उलटं वाचायचं, पोटभर हसायचं, आणि मग एकेक खिळा खणांच्या पेटीत, केसमध्ये, आपापल्या घरात टाकून द्यायचा. कुणाला पत्ता नाही, कुणाला त्रास नाही.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी बॅनरमध्ये आलं, ‘क्लॅरियनमध्ये एकच गोष्ट सरळ असते, ती म्हणजे खिळ्यांची जुळणी.’ लुएलानं ते वाक्य अकरा वेळा वाचलं. दहा महिने हा माणूस समोरच्या खिडकीत बाह्या वर करून उभा असतो, शाईच्या हातानं कपाळ पुसतो, आणि तिनं वर पाहिलं की एकदम कामात गढून जातो. तिच्या लक्षात काय आलं नव्हतं? सगळं आलं होतं. बुधवारी दुपारी तिनं खिळे ओळीत बसवायची स्टिक हातात घेतली आणि टकाटका जुळवलं:

‘मिस लुएला टटल आणि बॅनरचे संपादक श्री. अ‍ॅन्सेल ब्रॉक यांचा विवाह मंगळवारी जिल्ह्याच्या कोर्टात साधेपणाने पार पडला. नवरीने निळा पोशाख केला होता.’

निळ्या पोशाखावर तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात हरवलेल्या गाईची जाहिरात घेऊन कुणीतरी आलं. ती बाहेर गेली, आणि त्या ओळी फर्मा जुळवायच्या सपाट दगडावर तशाच राहिल्या.

गुरुवारी सकाळी ती पोस्टात अंकांसाठी पत्त्यांच्या पट्ट्या लिहीत बसली होती. इकडे म्हाताऱ्याला दिसलं की शेवटच्या पानावर चार ओळींची जागा मोकळी राहतेय. दगडावर लूनं जुळवलेला मजकूर तयार पडलेला. त्यानं तो उचलून जागेवर बसवला, फर्मा आवळला आणि यंत्र सुरू केलं.

लुएलाला हे कळलं ते दुपारी तीनला, शेजारच्या स्टेंगरबाईंच्या केकवरून. तीन थरांचा नारळाचा केक घेऊन बाई दारात उभ्या, डोळे भरलेले. “मेलीनं मला एका शब्दानं सांगितलं नाही,” म्हणाल्या, आणि अंक पुढे धरला. लुएलानं वाचलं. ती तिचीच बातमी होती, निळ्या पोशाखासकट. सातशे प्रती केव्हाच गावभर आणि शेतांवर पोचल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत चार केक, एक गोधडी, लोणच्याच्या नऊ बरण्या आणि एक जिवंत बदक जमा झालं. नवरानवरी वेगवेगळ्या घरी का राहतात, असा प्रश्न एकालाही पडला नाही. क्लॅरियननं छापलंय म्हणजे झालंय. मंगळवारी कोर्टाजवळ दोघांना पाहिल्याचं तीन माणसं शपथेवर सांगत होती, आणि त्यातल्या एकानं तर निळा पोशाखही पाहिला होता.

सगळ्यांत कहर म्हणजे म्हाताऱ्यानंही विश्वास ठेवला. तो खुर्चीत नुसता बसून होता. पोटच्या पोरीनं आपल्याला न सांगता लग्न केलं, तेही त्या बॅनरवाल्याशी, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मंगळवारी मी दिवसभर तुमच्यासमोर खिळे जुळवत होते, असं लुएलानं परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, ते खरं, पण छापलंय ना. शेवटी तिनं आपली खोड कबूल केली, अगदी पाद्रीबुवांपासून.

म्हाताऱ्यानं अंक ओढून घेतला. मग त्यानं अंकाच्या नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हणजे हे खोटं आहे?”

“हो, बाबा.”

“लू, जावई म्हणून ब्रॉक एक वेळ चालवून घेईन,” म्हातारा म्हणाला. “दुरुस्ती नाही चालायची.”

लुएलाला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. एकोणीस वर्षं या माणसानं प्रत्येक बारशाची, प्रत्येक मयताची बातमी स्वतः घरी जाऊन विचारून घेतली होती. आणि परवा, शनिवारी, त्या सगळ्यावर बॅनर पाणी ओतणार होता. एवढी चूक ब्रॉक सोडणार थोडाच? वर गावभर असा बोभाटाही होणार की टटलांची पोर समोरच्या माणसाच्या लग्नाच्या बातम्या आपल्याच हातानं जुळवत बसते. मग तिला प्लम फोर्क सोडावं लागलं असतं. ओमाहात एक मावशी होती, पण ती फार बोलायची.

दिवे लागायच्या सुमाराला आग विझवणाऱ्या दलाचा बँड निघाला. मागून निम्मा गाव पातेली आणि घमेली बडवत, गाईंच्या घंटा वाजवत. नव्या नवऱ्यानं सिगार वाटल्याशिवाय हा गोंगाट थांबवायचा नाही अशी तिथली रीत. वरात बॅनरच्या दाराशी थांबली. लुएला पडद्याआडून बघत होती. आता हा बाहेर येणार आणि सगळं खोटं आहे म्हणून सांगणार.

ब्रॉक बाहेर आला. त्यानं सिगारचा अख्खा डबा वाटला, ट्रॉम्बोनवाल्याशी हात मिळवला आणि दार लावून घेतलं. तोंडातून एक शब्द काढला नाही.

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: कुठला पत्रकार आपली बातमी दोन दिवस आधी फुकट तोंडानं सांगतो? शनिवारसाठी राखून ठेवलीय लबाडानं.

शुक्रवारी सकाळी लुएला रस्ता ओलांडून गेली. मध्ये तिला पाच जणांनी मिसेस ब्रॉक म्हणून हाक मारली आणि दोघांना तिनं चुकून ओही दिली.

बॅनरच्या छापखान्यात ब्रॉक दगडाशी उभा होता. तिला पाहून त्याचा रंगच उडाला.

“श्री. ब्रॉक,” लुएलानं घरून घोकून आणलेलं सुरू केलं, “चूक माझी आहे. माझ्याबद्दल काय छापायचं ते छापा. चेष्टा करा, चित्र काढा. पण बाबांनी ती बातमी वाचलीसुद्धा नव्हती. ते माझं कधीच वाचत नाहीत. एकोणीस वर्षांना तेवढी कात्री लावू नका.”

“उशीर झाला,” ब्रॉक म्हणाला. “पहिलं पान आवळून तयार आहे.”

“मग सोडा.”

“आधी वाचून तर घ्या.” आणि तो दगडापासून दोन पावलं मागे सरला. एवढा वाचाळ माणूस, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

लुएला वाकली. उलटं वाचायला तिला वेळ लागत नसे, पण त्या दिवशी ओळी डोळ्यांपुढे नाचायला लागल्या.

‘समोरच्या पत्राने गुरुवारी दिलेली विवाहाची बातमी वाचून आम्हाला अत्यानंद झाला. बातमीत खोटे काही नाही, फक्त घाई आहे. नवरदेवाने मुलीला अजून विचारलेले नाही. गेले दहा महिने तो ते धाडस गोळा करत होता आणि तोवर तिच्या वडिलांना शिव्या देत होता. तो आता विचारतो आहे. मुलीचे उत्तर:’

पुढे एका ओळीची जागा मोकळी होती.

“तेवढी ओळ भरायची राहिलीय,” ब्रॉक म्हणाला. “मला तशीच सोडून छापता येईल. नाहीतर नाही म्हणून जुळवा, तेही छापीन. उत्तर काहीही असलं तरी तुमच्या बाबांची चूक मात्र बॅनर काढत नाही. मी तपासून पाहिलंय.”

लुएलाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खो खो. तिला उभंच राहवेना, तिनं दगडाला धरलं. मग तिनं डोळे पुसले, त्याच्या हातातली स्टिक ओढून घेतली आणि त्याच्या खिळ्यांच्या केसपाशी गेली. खिळे इतके झिजलेले की शरम वाटावी. ते तिनं त्याला सांगितलंही. मग टकाटका एक ओळ जुळवली, नेमकी त्या जागेत बसेल एवढीच, आणि आपल्या हातानं फर्म्यात बसवली.

शनिवारी सगळ्या गावानं ती वाचली: ‘होकार. तपशील गुरुवारच्या क्लॅरियनमध्ये.’

म्हातारा ते वाचून जागच्या जागी तीनदा उठला आणि बसला. जावई मिळाला हे त्याला कळायला अर्धा तास लागला. बॅनरच्या पहिल्या पानावर बॅनरच्या हातून क्लॅरियनची जाहिरात झाली, हे मात्र ताबडतोब कळलं. केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबून तो लिहायला बसला आणि गुरुवारच्या अंकासाठी मजकूर लुएलाच्या हातात दिला.

‘मिस टटल आणि श्री. ब्रॉक यांच्या आजपासून दोन आठवड्यांनी होणाऱ्या विवाहाची बातमी आम्ही तीन आठवडे आधी दिली होती. बॅनरला ती आता मिळाली. आमच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. ही दुरुस्ती नव्हे.’

लुएलानं ते जुळवलं, आणि निळ्या पोशाखासाठी कापड आणायला पेठेत निघाली. दारातून तिनं मागे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच म्हाताऱ्यानं चष्मा चढवला होता. तिची प्रत्येक ओळ तो बोट ठेवून वाचत होता, आणि मध्येच वाकून, आणखी काही पडून तर नाही ना म्हणून, दगडाखालीसुद्धा बघत होता.