इलियासच्या नाकासमोरचं पिस्तूल

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं पिस्तूल आहे खरं, पण खेळण्यातलं. माझ्या पोटात आजवर एकही गोळी गेली नाही. तरी एका लेकराचं जे वाटोळं व्हायचं ते माझ्यामुळे झालंच.

ज्या खऱ्या पिस्तुलांवरून माझा साचा घेतला, त्यांचा सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचाच. सिनेमात त्यांचा काय थाट! हीरोच्या हातात तीच, खलनायकाच्या हातातही तीच, आणि गोळ्या काही केल्या संपत नाहीत. म्हणे, विमानतळाच्या यंत्रालाही ती दिसत नाहीत. साफ थापा! वरचा भाग पोलादी, तो लपेल कसा? पण लोकांना थापाच गोड लागतात.

मी कतारमधल्या दोह्यात, अल नस्र भागातल्या मधुभाईंच्या फोटो स्टुडिओत होतो. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आपल्याकडचे कामगार यायचे, काळा गॉगल चढवायचे, मला हातात धरून फोटो काढायचे आणि गावी पाठवायचे. तेव्हा माझी केवढी मिजास!

नव्व्याण्णव सालच्या एका शुक्रवारी रत्नागिरीकडचा इलियास आला. तो इकडे आल्यावर मागे गावी त्याची मुलगी इकरा जन्मली होती. बायकोने, जैतूनने, फोनवर बजावलं होतं, "पोरीला बापाचं तोंड तरी दिसू दे."

मधुभाई म्हणाले, "पहले एक सादा निकालते हैं."

"सादा अगले जुम्मे को, इन्शाल्ला! पहले हीरोवाला!" इलियासने मला नाकासमोर उभं धरलं, थेट सिनेमाच्या पोस्टरसारखं. मीही मेला ऐटीत!

पुढचा जुम्मा त्याला दिसलाच नाही. बांधकामावरची परांची कोसळली आणि इलियास गेला.

दोह्यातच कामाला असलेला त्याचा भाऊ अबूबकर रडत दुकानात आला. लग्नातल्या फोटोत इलियासच्या तोंडावर फुलांच्या माळांचा सेहरा होता. पासपोर्टवरचा मिसरूड फुटण्याआधीचा, तो जैतूनलाही ओळखू येईना. "दूसरा नहीं है क्या, मधुभाई? चेहरेवाला?" मधुभाईंनी त्या शुक्रवारच्या सगळ्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. जिथे तिथे त्याच्या तोंडासमोर मीच.

काही वर्षांनी अबूबकर सुट्टीवरून परतला तो तोच फोटो घेऊन. फोटो मधोमध खरवडलेला. इकरा नखाने मला खरवडत म्हणाली होती, "हे बाजूला करा. माझे अब्बा मागे आहेत."

फोटोतला मी खरवडून निघालो. खाली पांढरा कागद निघाला.

मित्रांनो, लांबच्या माणसाला फोटो पाठवाल तेव्हा हातातलं खाली ठेवा. मला खुशाल कचऱ्यात फेका, पण साधा फोटो आधी काढा.