पुला पलीकड च्या

मोजमाप कक्षात तिला सगळे ताई म्हणत आणि घरी धाकटी बहीण ताई म्हणे. फरक एवढाच, की कक्षातले लोक काम असलं की म्हणत आणि धाकटी भांडण असलं की.

ताईच्या दारावरच्या पाटीवर 'भाषा अनुकूलक' असं लिहिलं होतं. हे काय असतं ते तिच्या नवऱ्यालाही नीट सांगता येत नसे. कुणी विचारलं तर तो "एसीचं काहीतरी आहे" असं सांगून मोकळा व्हायचा. काम तसं सोपं होतं. नऊ देशांनी मिळून ठरवलं होतं, की तिसरीतल्या मुलांना वाचता येतं की नाही हे एकदाचं बघून टाकू, आणि सगळे एकाच मापाने बघू. उतारा एकच, नऊ भाषांमध्ये. मूल तो मोठ्याने वाचणार, परीक्षक घड्याळ घेऊन समोर बसणार आणि एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजणार. पंचेचाळीसच्या वर गेलं तर मूल वाचतं. खाली राहिलं तर मूल वाचत नाही, मग ते घरी जाताना दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत का जाईना. ताईने तो उतारा आपल्या भाषेत आणायचा.

सराव फेरीत आपली मुलं एकतीसवर आली. नवव्या क्रमांकावर. "आपण पहिल्या दहांत आहोत," असं संचालकांनी वर कळवून पाहिलं, पण देश किती आहेत हे दुर्दैवाने वरच्यांनाही माहीत होतं.

ताईला क्रमांकाचं एवढं काही वाटलं नाही. तिला टोचत होती ती धाकटीची शाळा. धाकटी तिसरीची बाई. तिची शाळा नमुन्यात निवडली गेली होती, आणि तिच्या मुलांची सरासरी आली होती अडतीस. देशात सगळ्यात वर, पण पंचेचाळीसच्या खाली. मुख्य फेरीत जी शाळा पंचेचाळीसच्या खाली राहील, तिथे 'संहिता' येणार होती. संहिता म्हणजे एक टॅब. त्यावर वाक्य येणार, ते बाईंनी म्हणायचं, मुलांनी उत्तर द्यायचं, मग पुढचं वाक्य. मध्ये पदरचं काही बोलायचं नाही. मागच्या बाकावर निरीक्षक बसणार आणि बाईंच्या तोंडून जास्तीचे शब्द किती गेले ते टिपणार.

"म्हणजे मला वर्गात गप्प बसवणार म्हण की," धाकटी फोनवर म्हणाली.

"गप्प कुठे गं? बोलायचंच आहे. फक्त तुझं नाही बोलायचं."

"ताई, मला तुझी ऑफिसातली भाषा नको सांगूस. तो टॅब आला ना, त्या दिवशी मी राजीनामा देणार."

"देऊ नकोस."

"मग येऊ देऊ नकोस."

फोन ठेवल्यापासून ताईचा पाय एका जागी ठरेना. उतारा उघडायची, मिटायची. पाणी प्यायला म्हणून उठायची आणि पेला तिथेच विसरून परत यायची. समोरच्या टेबलावरचा आकडेवाला शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही बसा तरी, नाहीतर जा तरी. माझा पंखा तुमच्याबरोबर मान फिरवायला लागलाय."

उताऱ्याचं पहिलंच वाक्य होतं : 'पुलापलीकडच्या बाजारातून घराकडे येताना मुलीला आठवलं, की छत्री दुकानातच राहिली.' दहा शब्द. बाकीच्या आठ भाषांतून तिने हेच वाक्य मोजलं. दोन भाषा आपल्यासारख्याच लांब शब्दांच्या निघाल्या, बाकी कुठे सोळा, कुठे अठरा. त्यांचे शब्द मुठीत मावतील एवढेसे, आणि आपला पहिलाच शब्द असा, की वाचता वाचता मुलाने मध्ये एकदा दम खावा.

बैठकीत तिने हे मांडलं. बैठक पडद्यावर व्हायची. खोलीचा पडदा खिडकीला पुरत नसे, त्यामुळे उजवीकडच्या देशांवर कायम ऊन पडलेलं असायचं. समन्वयक बाई डावीकडे सावलीत होत्या.

"शब्दांऐवजी अक्षरं मोजू या का?" ताईने विचारलं.

"फार छान मुद्दा," समन्वयक म्हणाल्या. त्या 'फार छान' म्हणाल्या की विषय संपला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पण नऊ देशांचं एकमत शब्दावर झालेलं आहे. ते व्हायला दोन वर्षं लागली."

"मग शब्द म्हणजे काय, तेवढं सांगा."

समन्वयकांनी कागद चाळले. "दोन मोकळ्या जागांच्या मधे जे असतं ते."

ताईने मान डोलावली, आभार मानले आणि टेबलाशी येऊन बसली. आकडेवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच सलग बसली. तिने 'पुला'नंतर एक जागा सोडली. 'पलीकड'नंतर एक. पुला पलीकड च्या. बाजारा तून. घरा कडे. मुली ला. दुकाना त च. दहाचे सतरा झाले. आयुष्यभर लोकांच्या अर्जांत नि आमंत्रणपत्रिकांत असे तुटलेले शब्द दिसले, की तिचा हात आपसूक लाल पेनाकडे जात असे. आता तोच हात जागा सोडत चालला होता. तिने स्वतःला बजावलं, बोलताना कुठे कुणाला जागा दिसते? मुलं वाचतील.

"व्याकरणाचं काही नाही ना यात?" संचालकांनी विचारलं.

"आहे."

"पण नियमात बसतं?"

"त्यांच्या नियमात बसतं."

"मग आपलं काय जातं?" म्हणत त्यांनी सही ठोकली.

मुख्य फेरीत देश बावन्नवर गेला. नवव्यावरून थेट तिसरा. कक्षात केक आला, त्यावर क्रीमने ५२ काढलं होतं. संचालकांनी पाचावर सुरी ठेवून फोटो काढून घेतला. ताईने केक हातात घेतला आणि डावा हात माउसवर ठेवून शाळावार तक्ता खाली खाली सरकवत नेला. धाकटीची शाळा वर सापडेना. मधेही सापडेना. सापडली ती तळाला. एकोणतीस.

ती तशीच निघाली. शाळेत पोचली तेव्हा धाकटी फळा पुसत होती, पुसलेलाच फळा पुन्हा पुन्हा.

"सांग मला काय झालं," ताई म्हणाली.

"काय व्हायचंय? तुमचा कागदच फुटका. सगळे शब्द तुकडे करून छापलेले. पहिली पोरगी वाचायला बसली, 'पुला' म्हणाली आणि थांबली. परीक्षक म्हणतो, पुढे वाच. ती म्हणते, आधी ह्याचं राहिलेलं कुठाय ते सांगा." धाकटी हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मीच शिकवलंय ना त्यांना. 'पुला' एकटा कधी बाहेर पडत नाही, त्याचा हात कुणीतरी धरलेला असतो, तो हात शोधा. बसली सगळी हात शोधत! एक जण तर मिनिटभर परीक्षकाच्या पेन्सिलीने शब्द जोडत बसला. बाकीच्या शाळांतली पोरं कशीही असली तरी धडधडत वाचून गेली असणार. ज्यांना जोडून लिहायला कुणी शिकवलंच नाही, त्यांना काय अडायचंय? कोण गं तुमच्याकडे टाइप करतं? कुठला गाढव धरून आणलाय?"

"मी."

"मी काय?"

"मीच तोडले. जागा वाढली की शब्द वाढतात. म्हटलं, तुझे अडतीसचे साठ होतील."

धाकटीने डस्टर खाली ठेवला. लहानपणी ती मामाच्या गावाहून पत्र पाठवायची, तर ताई त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून तेच पत्र उलट टपालाने परत पाठवायची. या गोष्टीवरून दोघींत अजूनही भांडण निघायचं. आज निघालं नाही.

"माझ्यासाठी?" ती एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "ताई, तू मला न विचारता कधी काही चांगलं करत जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ताईने संचालकांना लेखी दिलं : उतारा सदोष आहे, दोष माझा आहे, फेरी रद्द करून जोडून छापलेल्या उताऱ्यावर पुन्हा घ्यावी.

संचालकांनी ते दोनदा वाचलं. "तुमची बहीण त्या तळाच्या शाळेत आहे ना?"

"हो."

"मग तुम्हाला हे लिहिता येत नाही. हितसंबंध येतो."

"जागा सोडल्या तेव्हाही ती माझी बहीणच होती."

"तेव्हा आपण तिसरे आलो होतो का?" संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "ताई, सगळा देश वाचायला लागलाय. एका वर्गाला वाचता येत नाही. दोष कुणात असेल, तुम्हीच सांगा."

मग तिने बैठकीत सांगितलं, सगळ्या देशांसमोर, उजेडातल्या आणि सावलीतल्या. समन्वयक म्हणाल्या, "फार छान मुद्दा." दोन लांब शब्दवाल्या देशांनी तर मुद्दाम माइक चालू करून विचारलं, की या जागा नेमक्या कशा सोडल्या, त्याचा कागद मिळेल का. महिन्याभराने नऊ देशांच्या सचिवालयाचं उत्तर आलं. निकाल कायम. मात्र संबंधित शाळेची विशेष गरज ध्यानात घेऊन, त्या शाळेपुरती संहिता जोडून छापलेल्या शब्दांत पुरवण्यात येईल.

"राजीनामा लिहिलास?" ताईने फोनवर विचारलं.

"फाडला. मी गेले तर टॅब धरायला कुणीही चालेल. तेच तर हवंय त्यांना."

निरीक्षकांची टंचाई होती, म्हणून पहिल्या दिवशी ताईलाच पाठवलं. ती बहीण असल्याचं या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागचा बाक तिला अपुरा होता. गुडघे आत जात नव्हते, आणि बाहेर ठेवले तर वाटेत येत होते. धाकटी टॅब छातीशी धरून उभी राहिली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचू लागली.

"सुप्रभात, मुलांनो. कंस. येथे हसावे. कंस पूर्ण."

वर्ग चमकला. मग कुणीतरी फिसकन हसलं.

"आज आपण पुलापलीकडच्या मुलीची गोष्ट वाचणार आहोत. कंस. तीन सेकंद थांबावे, उत्सुकता निर्माण होऊ द्यावी. कंस पूर्ण."

वर्गाने तीन सेकंद मोजले, मोठ्याने. उत्सुकता भरपूर निर्माण झाली. ताईने तक्त्यावर लिहिलं : जास्तीचे शब्द, शून्य. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

"मुलीची छत्री कुठे राहिली?"

"दुकानात!"

"शाब्बास. कंस. कौतुकाने मान हलवावी." धाकटीने हलवली.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि उत्तराची वाट न बघता उभी राहिली. "बाई, पण गोष्टीत पाऊसच नाहीये. मग तिनं छत्री नेली कशाला?"

धाकटीचं तोंड उघडलं. ताईला दिसलं, उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. एक नाही, चार-पाच उत्तरं, आणि त्यांतल्या एकावरून सगळा तास गेला असता, उन्हावर, सावल्यांवर, म्हाताऱ्या माणसांच्या काठ्यांवर. तिने तोंड मिटलं. टॅबवर बोट फिरवलं. वर, खाली, पुन्हा वर. मुलगी उभीच. वर्ग बाईंच्या तोंडाकडे बघत होता आणि बाई टॅबकडे.

निरीक्षकाने बोलायचं नाही, हे तक्त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं. ते वाक्य ताईनेच अनुकूल केलेलं होतं. ती गुडघे सोडवत उठली, बाक करकरला.

"मी सांगते," ती म्हणाली.

चाळीस माना मागे वळल्या.

"तुम्ही कोण?" मुलीने विचारलं.

धाकटीने घाईघाईने टॅबमध्ये पाहिलं. याचंही उत्तर त्यात नव्हतं.