डुप्लिकेटची उडी

चिंतामणी सरांनी माझा अभिप्राय लाल शाईनं खोडला, तेव्हाच मी ठरवलं की हे प्रकरण आता सोडायचं न्हाय. मी बकुळा. भिवंडीत पंधरा वर्षं ब्लाउज शिवते, अजून एका बाईनं माझ्याकडून माप चुकलं म्हणून कापड परत आणलेलं न्हाय. आणि मला खोटारडी ठरवायला निघाले, ते पण कुठं, तर व्हिडिओच्या दुकानात.

पहिल्यापासून सांगते, न्हायतर तुम्ही पण म्हणाल बाई तापट हाय. तापट तर हायच. पण कारण ऐका.

माझं माहेर दिघाशी. एकोणीसशे सत्तर साली वज्रेश्वरीच्या खाली नदीवर एका हिंदी पिक्चरचं शूटिंग आलं. पिक्चरचं नाव ‘नौ नदियाँ पार’. डाकू, घोडे, खजिन्याचा नकाशा, आणि हिरोईन कड्यावरून नदीत उडी मारून डाकूंच्या हातावर तुरी देते. आता ती हिरोईन काय उडी मारणार, घोट्याएवढ्या पाण्यात चालायला तिला दोन बाया धरायच्या. मग एका पुरुषाला साडी नेसवून वर पाठवला. त्यानं कड्यावरून खाली बघितलं आणि मागच्या मागं उतरून चहा प्यायला बसला. मी मावशीसोबत बघायला उभी होते, मला हसू आवरेना. तिथला एक दाढीवाला साहेब माझ्या अंगावर आला. म्हणाला, “हसती क्या है? तू कूदेगी?”

म्हटलं, “हां, मैं कूदेगी.”

अठरा वर्षांची होते. पण उगाच बढाई नव्हती ती. गावच्या घाटावर आमच्या वस्तीला कधी उतरू दिलं न्हाय. म्हणून आमच्या बाया खालच्या डोहावर धुणं धुवायच्या आणि पोरं त्या डोहातच पोहायला शिकायची. ज्यांनी आम्हाला उथळ पाण्यातून हाकललं, त्यांच्या पोरींना अजून पोहता येत न्हाय. मला येतं.

त्यांनी मला हिरोईनसारखी गोल साडी नेसवली. मी म्हटलं, पाय बांधून उडी मारू का? ती सोडली आणि माझ्या पद्धतीनं काष्टा घातला, पदर कमरेला आवळून डाव्या कुशीत खोचला. आमच्या घरात डावीकडंच खोचतात, कारण माझी आई डावखुरी, आणि आम्ही सगळ्या तिचंच बघून नेसायला शिकलो. दाढीवाला बोंबलत राहिला की हिरोईन असं नेसत न्हाय. मी म्हटलं, मग हिरोईनला पाठव. ऊन कलायला लागलं तसा तो गप्प झाला.

दोनदा उडी मारली. पहिली चांगली झाली, पण कॅमेऱ्यात काहीतरी अडकलं म्हणे. दुसऱ्या वेळी पाण्याखालच्या खडकावर खांदा आदळला. तेव्हापासून माझा डावा हात कानाच्या वर जात न्हाय. वरच्या फळीवरचा डबा मी आजही उजव्या हातानंच काढते.

तिथं माझं नाव कुणी विचारलं न्हाय. ‘डुप्लिकेट को बुलाओ’, ‘डुप्लिकेट को टॉवेल दो’, एवढंच. मला वाटलं ही पोस्ट असेल, जसा कंपाउंडर, जसा हवालदार. मी गावभर सांगत सुटले की मी डुप्लिकेट हाय. मला बघायला पाहुणे आले, तर माझ्या बापानं पण ऐटीत सांगितलं, पोरगी सातवी पास हाय आणि डुप्लिकेट हाय. पाहुणे जरा बिचकलेच.

पण वाल्मीक बिचकला न्हाय. लग्न झाल्यावर त्या पिक्चरला भिवंडीच्या थेटरात घेऊन गेला आणि उडी आली तेव्हा खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारली. मागच्या माणसानं शिव्या दिल्या, तर त्याला म्हणाला, बायको हाय माझी ती. असा माणूस. आमची पोरगी मंदा पाच वर्षांची असताना गेला. त्यानंतर भिवंडीत त्या उडीला साक्षीदार म्हणून माझा हा हातच तेवढा उरला.

मंदाला मी उडीची गोष्ट भाताबरोबर भरवली म्हणा ना. शाळेत तिनं निबंध पण लिहिला होता, माझी आई. त्यात उडी होती.

मग एकोणनव्वद साली ‘नौ नदियाँ पार’ची कॅसेट निघाली. कंपनीची, चकचकीत कव्हरची, वर लिहिलेलं, ‘संपूर्ण चित्रपट’. आमच्या रस्त्यावर चिंतामणी सरांचं व्हिडिओ दुकान होतं. शाळेतून रिटायर झाले आणि मुलीच्या नावानं दुकान काढलं, प्रमोदिनी व्हिडिओ. दारावर पाटी, ‘येथे फक्त ओरिजिनल कॅसेट मिळतात. डुप्लिकेट मागून लाजवू नये.’ आणि काउंटरवर दोरीनं बांधलेली एक अभिप्राय वही. कॅसेट परत करताना गिऱ्हाइकानं दोन ओळी लिहायच्या, आणि सर संध्याकाळी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. पॉवरलूमवरचे लोक ड्युटी संपवून यायचे, बिचारे घाबरत घाबरत लिहायचे, ‘फायटिंग उत्तम’.

शुक्रवारी लूम बंद. त्या दुपारी मीराबाईच्या घरी भाड्यानं व्हीसीआर आणि ती कॅसेट आणली. मीराबाई माझ्या भिंतीला भिंत लागून राहते, तिच्या पोटात काही राहत न्हाय. तिनं सगळ्या वस्तीला आवतण दिलं, आज बकुळेची उडी बघायची म्हणून. मंदानं तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणल्या. बाबासाहेबांच्या फोटोखाली टीव्ही मांडला. मी इस्त्रीची साडी नेसून पुढं बसले, वेड्यासारखी.

कडा आला. घोडे आले. हिरोईन धावत वर चढली. मी मंदाचा हात धरला. आणि कॅसेटीत मधेच केसांच्या तेलाची जाहिरात लागली.

जाहिरात संपली तर हिरोईन पलीकडच्या काठावर बसून केस पिळतेय.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसली. मीराबाई म्हणाली, “बकुळे, तुझी उडी तेलात पडली काय गं?”

“कापलीय ती,” मी म्हटलं.

“कव्हरवर संपूर्ण लिवलंय की.”

मंदाच्या मैत्रिणी खाली बघून ओठ चावत होत्या. मंदानं माझा हात हळूच सोडवून घेतला. घरी आल्यावर मी कणीक मळायला बसले, तर ती दारात उभी राहून म्हणाली, “आई, राग नको धरू. पण तू खरंच मारली होतीस ना?”

लोक हसले त्याचं मला काही न्हाय. लोकांना दात दिलेत, ते हसणारच. पण माझ्या पोरीनं विचारलं, ते लागलं. मी कणकेवर मुठी आपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॅसेट परत द्यायला मीच गेले. वहीत आधीच चार अभिप्राय पडले होते. ‘साहस उत्तम.’ ‘गाणी गोड, प्रिंट स्वच्छ.’ ‘कुटुंबासह पाहावा.’ मी लिहिलं, ‘ह्या कॅसेटीत उडी कापली आहे. ती मी मारली होती.’ संध्याकाळी परत गेले तर दोन्ही ओळींवर लाल रेघ आणि खाली सरांचं वळणदार अक्षर, ‘अभिप्राय चित्रपटाविषयी असावा, स्वतःविषयी नसावा.’

“सर, ही रेघ कशापायी?”

“बकुळाबाई, तुम्ही रागावू नका,” सर म्हणाले. बोलणं नेहमीसारखंच मऊ. “वही लोक वाचतात. कंपनीची ओरिजिनल कॅसेट आहे. त्यात नसलेल्या गोष्टीविषयी आपण कसं लिहिणार?”

“नसलेली न्हाय, काढलेली.”

“पुरावा काय?”

मी हात दाखवला, कुठपर्यंत वर जातो तो. सर म्हणाले, “तसा माझाही गुडघा दुखतो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी तडक बाहेर पडले. दुकानात यादव उभा होता, तो माझ्यामागून बाहेर आला. यादव कापडाच्या कारखान्यात चेकर हाय. दिवसभर उजेडाच्या टेबलावरून कापड सोडायचं आणि खोट शोधायची, हेच त्याचं काम. कमी बोलतो.

“आक्का,” तो म्हणाला, “मी पण बघितलीय ती कॅसेट. जोड हाय तिथं. जाहिरातीच्या आधी तिचा पदर कोरडा, जाहिरातीनंतर चिंब. मधला माल कापलाय. लोक गाण्याकडं बघतात, मी कापड बघतो.”

“मग आत सांगायचं ना सरांना.”

“सांगून काय, माल दाखवायला पायजे. अंबाडीच्या हिरामणकडं जुनी कॅसेट असंल. थेटरात पडद्यावरून उतरवलेली. पण डुप्लिकेट हाय.”

मी म्हटलं, “मग माझीच जातवाली हाय ती.”

सोमवारी मंदाला घेऊन एसटीनं अंबाडीला गेले. यायला तयार नव्हती, तिला म्हटलं, पिशवी धरायला चल. हिरामण बाजारात व्हिडिओ हॉल चालवायचा. त्यानं कपाटामागून एक कॅसेट काढली, वर कागदाची पट्टी, पेनानं लिहिलेलं नाव, तेही चुकीचं. फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, “मावशी, लई खराब प्रिंट हाय. मधेच कुणाची डोकी दिसतात.”

“डोकी असू दे. पाय दिसले म्हणजे झालं.”

तिथं लावून बघ म्हणाला, मी बघितली न्हाय. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षं झाली होती. उडी त्यात पण नसती, तर मंदाला घेऊन परत त्याच एसटीनं यायचं होतं. जे बघायचं ते सरांच्या दुकानात, सगळ्यांसमोर, असं म्हणून मी कॅसेट पिशवीत टाकली.

एसटीतून उतरून थेट दुकानात गेलो. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मीराबाई पण होती, ती असायचीच. मी कॅसेट काउंटरवर ठेवली. “सर, ही लावा.”

सरांनी ती दोन बोटांनी उलटवून बघितली. “बकुळाबाई, ही डुप्लिकेट आहे.”

“मी पण.”

“पाटी वाचलीत ना?”

“वाचली. ‘मागून लाजवू नये’ लिहिलंय. मी मागत न्हाय, घेऊन आलेय.”

यादव खोकल्यासारखा हसला. सर काही म्हणायच्या आत प्रमोदिनीनं कॅसेट उचलली आणि मशीनमध्ये सरकवली. शहाणी पोरगी. बापाकडं बघितलं पण न्हाय.

चित्र काय होतं, नुसती थरथर. रंग उडालेले, वरून खाली पांढऱ्या रेघा, कोपऱ्यात कुणाची तरी टोपी. घोडे आले, हिरोईन कड्यावर चढली. तेलाची जाहिरात लागली न्हाय. एक बाई कड्यावरून सुटली, हवेत हात पसरले आणि पाण्यात गेली. दोन श्वासांचं काम. थेटरातल्या कुणीतरी शिट्टी मारली होती, ती पण कॅसेटीत आली होती. वाल्मीकची नव्हती, पण माझ्या डोळ्यात पाणी आलं.

दुकानात कुणी हसलं न्हाय. सर चष्मा वर करून म्हणाले, “उडी आहे, मान्य. पण चेहरा कुठे दिसतो?”

खरंच दिसत नव्हता. एवढ्या लांबून कुणाचा दिसणार. मीराबाई पुढं सरसावली, तिला काहीतरी बोलायचं होतं.

“प्रमोदिनीताई, मागं घे,” मंदा म्हणाली. इतका वेळ ती दाराशी पिशवी घेऊन उभी होती. “अजून थोडं. आता थांबव.”

चित्र हवेत अडकून थरथरत राहिलं. मंदा टीव्हीजवळ गेली आणि बोट लावलं.

“सर, हिरोईन गोल साडी नेसून वर चढली. हवेत काष्टा कुठून आला? आणि पदर बघा कुठं खोचलाय. डाव्या कुशीत. माझी आजी डावखुरी होती, आमच्या घरात सगळ्या तिकडंच खोचतात. भीमजयंतीला आईनं मला असंच नेसवलं होतं.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “मीराकाकू, इकडं बघ. आईचा पदर कुठं हाय?”

सगळ्यांनी माझ्या कमरेकडं बघितलं. मी पण बघितलं. काही कामाला निघाले की मी पदर खोचूनच असते, माझं मलाच लक्ष नसतं. डावीकडंच होता.

मीराबाई म्हणाली, “अगं बया.” आणि चक्क गप्प झाली.

मी वही ओढली आणि लिहिलं, ‘पिक्चर चांगला आहे. घोडे चांगले आहेत. ओरिजिनल कॅसेट खोटी आहे, डुप्लिकेट खरी आहे. कड्यावरची उडि मी मारली. बकुळा वाल्मीक, दिघाशी.’ लिहून वही सरांच्या पुढ्यात सरकवली. “हा चित्रपटाविषयीच हाय. आता खोडा.”

सरांनी लाल पेन उघडलं. सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. मंदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, हात काउंटरवर टेकून. पेन खाली आलं आणि एका अक्षरावर थांबलं.

“उडी दीर्घ असते,” सर म्हणाले, आणि तेवढी एक वेलांटी सुधारली.

“लांबच होती, सर,” मी म्हटलं.

मग मंदानं त्यांच्या हातातून ते लाल पेन मागून घेतलं आणि माझ्या नावाखाली लिहिलं, ‘ही उडी मी पाहिली. मंदा बकुळा.’