उजव्या बाजूचा बाक

कानाचं मशीन या वेळी खसखशीच्या डब्यात सापडलं. हेर्मिनाने ते एप्रनला पुसलं आणि आईपुढे धरलं.

"आई, आज वाल्बुर्गामावशीला शेवटचा निरोप द्यायचाय. आज तरी घाल."

"काय?"

"घाल म्हणते."

"ओरडतेस कशाला? येतं मला ऐकू." म्हाताऱ्या क्रेसेन्सबाईंनी मशीन घेतलं आणि सरळ कोटाच्या खिशात टाकलं.

हेर्मिनाने डोळे मिटून मनातल्या मनात 'नमो मारिया' म्हटलं. रागावर तिचा हाच एक उपाय होता, आणि आईपायी रोज अख्खी जपमाळ पुरी होई.

सगळं गाव फितींच्या गिरणीवर जगलेलं. आईचा जन्म मागांपुढे गेला, आणि त्या खडखडाटात कानही गेले. तिथे आवाजाचा उपयोगच नसे. बायका दोन रांगांपलीकडून नुसते ओठ हलवून बोलत. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, पण आई आणि वाल्बुर्गा यांचं ते बोलणं सुटलं नाही. रविवारी देवळात एक डाव्या बाकावर, दुसरी उजव्या. प्रवचन सुरू झालं की दोघींचे ओठ हलायला लागायचे. प्रार्थना करावी तर या दोघींसारखी, असं फादरांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं. त्या वेळी विषय फादरांच्या पोटाचा चालला होता. हे आईनेच घरी येऊन सांगितलं, खिडक्या सताड उघड्या ठेवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

हेर्मिनाचा मात्र आईशी ओरडण्यात जन्म गेला. लग्न मोडलं तेही ओरडूनच सांगावं लागलं. आईच्या आधी ते शेजाऱ्यांना कळलं. ते ओठांचं बोलणं मला शिकव, असं तिने लहानपणी कितीदा म्हटलं असेल. आई म्हणायची, तुला कुठे गिरणीत जायचंय? शेवटी तिने हे मशीन आणलं. एखादी गोष्ट आईला हळू आवाजात सांगता यावी, एवढंच तिला हवं होतं. आणि ते मशीन कधी साखरेत, कधी खसखशीत.

देवळात शवपेटीवर वाल्बुर्गाने विणलेली निळी फीत ठेवली होती. उजव्या बाकावर तिच्या शहरातल्या सुना बसल्या होत्या. फादर बोलू लागले, तशी आईने सवयीने मान उजवीकडे वळवली. ओठ उघडले. काही वेळ तसेच राहिले, मग मिटले. तिने खिशातून मशीन काढलं, तळहातावर उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवून दिलं.

आता मात्र हेर्मिनाला राहवेना. ती पुढे वाकली, आईच्या नजरेसमोर आली, आणि आवाज न काढता तिने विचारलं, थंडी वाजतेय का?

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मागावर आलेल्या नव्या मुलीला सांगावं तसे तिचे ओठ सावकाश, मोठे हलले.

तोंड उघड नीट. पुटपुटतेस काय?

एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं, आणि हेर्मिनाला सगळं कळलं होतं. तिने पुन्हा विचारलं, या वेळी तोंड मोठं उघडून.

वेदीवरून फादरांनी त्या दोघींकडे पाहिलं, आणि त्यांची प्रार्थना होईपर्यंत ते थांबले.